पाद्री नसताना: जोसेफ वाझ आणि सिलोनमधली तीस वर्षं

मागच्या व्याख्यानात आपण सोळाव्या शतकातल्या गोव्याबद्दल बोललो. ते संपल्यावर एक बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही तासभर पाद्री, पाद्री म्हणत होतात. पण पाद्री नेमकं करतो काय? आमच्याकडे पुजारी पूजा करतो, भटजी लग्न-मुंज लावतात, कीर्तनकार बोध करतो, गुरू असला तर तो मंत्र देतो. यातलं पाद्री काय करतो?" मी निघायच्या घाईत होतो. "थोडं थोडं सगळंच," असं म्हणून वेळ मारून नेली. पण ते उत्तर माझं मलाच पटलं नाही. म्हणून आजचं व्याख्यान हे त्या बाईंना दिलेलं, जरा उशिराचं उत्तर आहे असं समजा.

आधी एक छोटी आठवण सांगतो. माझे एक सहकारी वसईकडचे. त्यांची आई अखेरच्या आजारात होती. घरात दोन मुलगे, सुना, एक नात डॉक्टर, औषधपाण्यात काही कमी नव्हतं. मी भेटायला गेलो होतो. म्हातारी मधूनमधून शुद्धीवर यायची आणि एकच विचारायची, "फादर आले का?" संध्याकाळी फादर आले, स्कूटरवर. सगळ्यांना दहा मिनिटं बाहेर बसवलं, मग आत बोलावलं, तिच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं, प्रार्थना म्हटल्या, आणि गेले. जेमतेम पाऊण तास. त्यानंतर म्हातारीने काही विचारलं नाही. मी तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस. त्या पाऊण तासात नेमकं काय दिलं गेलं आणि काय घेतलं गेलं, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षं पुरला.

मध्ययुगीन तत्त्वज्ञान शिकवताना थॉमस अक्वायनस यांच्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात एक जागा मला नेहमी आवडायची. अक्वायनस तेराव्या शतकातले. चर्चचे संस्कार सातच का, याची चर्चा करताना ते शरीराचं उदाहरण घेतात. माणूस जन्मतो, तसा बाप्तिस्मा. वाढून मोठा होतो, तसं दृढीकरण. त्याला अन्न लागतं, तसं ख्रिस्तप्रसाद. आजारी पडला तर औषध, म्हणजे पापनिवेदन. आणि आजारातून उठताना लागते ती ताकद, म्हणजे रुग्णाला लावायचं तेल. उरलेले दोन, विवाह आणि पाद्रीपदाची दीक्षा, समाजासाठी. आता बघा, या यादीत एक गोम आहे. जन्म एकदाच होतो. आणि बाप्तिस्मा द्यायला पाद्रीच हवा असंही नाही. अडचणीच्या वेळी घरातल्या आजीने मुलाच्या डोक्यावर पाणी ओतून ठरलेले शब्द म्हटले, तरी चर्च तो बाप्तिस्मा ग्राह्य धरते. पण अन्न आणि औषध? ते पाद्रीशिवाय मिळत नाही. मिस्सा तोच अर्पण करू शकतो आणि पापांची क्षमा तोच उच्चारू शकतो. म्हणजे कॅथलिक माणूस पाद्रीशिवाय जन्माला येऊ शकतो, पण पाद्रीशिवाय जेवू शकत नाही.

हे झालं शास्त्र. पण इतिहासात असं कधी घडलं का, की लाखभर नव्हे तरी हजारो माणसं जन्मली आणि जेवायला वाढणारा कोणी नाही? घडलं. आपल्या शेजारीच, सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत. आणि वाढायला जो माणूस गेला, तो आपल्या गोव्याचा होता.

जोसेफ वाझ यांचा जन्म 21 एप्रिल 1651 चा, साष्टीतल्या बाणावलीचा. ते आईचं गाव. वडिलांचं गाव सांकवाळ. शिक्षण जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात, आणि पुढे डोमिनिकन पंथीयांच्या अक्वायनस अकादमीत. म्हणजे मघाशी मी सांगितलेली ती जन्म, अन्न, औषधाची उपमा त्यांनी शिकली असणार, असं धरायला हरकत नाही. 1676 साली ते पाद्री झाले.

आता त्या काळच्या गोव्यात पाद्री होणं म्हणजे काय, हे नीट लक्षात घ्या, कारण आजच्या सगळ्या बोलण्याचा कणा तिथे आहे. गोव्यात पाद्रीच्या पाठीशी राज्य उभं होतं. देवळं पाडली गेली होती, 1560 पासून धर्मन्यायासन, म्हणजे इन्क्विझिशन, चालू होतं. लोक चर्चमध्ये येत होते. त्यातले किती भक्तीने येत होते, किती भीतीने आणि किती सवयीने, हे कोण सांगणार? मला नेहमी वाटतं की सत्ता मागे असली की धर्मगुरूची परीक्षाच होत नाही. दुकान एकच असलं की माल चांगला आहे की वाईट, हे गिऱ्हाइकाच्या गर्दीवरून कळत नाही.

आणि त्याच गोव्यात देशी पाद्रीला मात्र दुय्यम जागा होती. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, या मोठ्या युरोपियन संघांत गोमंतकीयांना प्रवेश नव्हता. त्यांनी गावोगावी मदतनीस म्हणून राबायचं. म्हणून 1680 च्या सुमारास काही गोमंतकीय पाद्रींनी जुन्या गोव्यात चमत्काराच्या क्रुसाचं म्हणून जे चर्च होतं, तिथे एकत्र राहायला सुरुवात केली. रोममध्ये संत फिलिप नेरी यांनी सुरू केलेली 'ओरेटरी' ही पद्धत त्यांनी उचलली. त्यात पाद्रींनी एकत्र राहायचं, प्रार्थना आणि सेवा करायची, पण बाकीच्या संघांसारख्या शपथा घ्यायच्या नाहीत. 1685 मध्ये वाझ त्यांच्यात गेले आणि लवकरच त्यांचे प्रमुख झाले. पूर्णपणे देशी माणसांनी चालवलेला हा पाद्रींचा संघ. याचं कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही, ती मी पुढे सांगणार आहे.

त्याआधी 1681 ते 1684 ही वर्षं वाझ कानडा प्रांतात होते, मंगळूर, बसरूर, कुंदापूर या भागात. तिथे वेगळाच घोळ चालला होता. एकीकडे पोर्तुगालच्या राजाचा हक्क सांगणारे पाद्री, दुसरीकडे रोमहून थेट नेमलेला बिशप; आणि प्रत्येक पक्ष म्हणे की दुसऱ्याकडून घेतलेले संस्कार चालणार नाहीत. गावातल्या कोळ्याला, कुणब्याला काय कळणार यातलं? त्याला एवढंच कळे की आपलं लग्न खरं की खोटं, याबद्दल दोन फादर भांडतायत. वाझ यांनी तिथे शाळा उभ्या केल्या, पडकी चर्चं सावरली आणि दोन्ही बाजूंशी बोलत राहिले. मला वाटतं, अधिकाराच्या भांडणात सामान्य माणूस उपाशी राहतो, हे त्यांनी तिथे पाहिलं.

आता सिलोनकडे येऊ. तिथला किनारा पोर्तुगीजांचा होता आणि त्यांच्या काळात पुष्कळ लोक कॅथलिक झाले होते. ते सगळेच मनापासून झाले असं मी म्हणणार नाही. जे गोव्यात तेच थोड्याफार फरकाने तिथे. 1656 मध्ये डचांनी कोलंबो घेतलं आणि 1658 मध्ये जाफना. डच होते प्रोटेस्टंट, कॅल्व्हिनच्या पंथाचे. त्यांनी कॅथलिक पाद्रींना घालवून दिलं आणि त्याच वर्षी हुकूम काढला की कॅथलिक पाद्रीला आसरा देणाऱ्याला देहदंड. जुन्या चर्चमध्येच त्यांनी शाळा बसवल्या. मुलांची नावं, बाप्तिस्मे, लग्नं यांची नोंद त्या शाळेच्या वहीत व्हायची. त्या नोंदीवर वारसा, जमीन, सरकारी जागा अवलंबून. गैरहजर राहिलं तर दंड. म्हणजे गोव्यात जे पोर्तुगीजांनी केलं त्याचीच ही डच आवृत्ती; फक्त पंथ बदलला.

मग लोकांनी काय केलं? जे आपल्याकडेही लोक करतात तेच. दिवसा डचांच्या वहीत नाव घातलं आणि रात्री घरात दिवा लावून जपमाळ ओढली. प्रार्थना पाठ होत्या, त्या म्हणत राहिले. ज्याला जास्त प्रार्थना येत होत्या तो आपोआप पुढारी झाला. तमिळ मुलखात अशा पुढाऱ्याला 'मूप्पन' म्हणत, आणि शिकवणाऱ्याला 'अण्णावी'. मूल जन्मलं की त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. पण मिस्सा नाही. पापनिवेदन नाही. मरताना तेल लावायला कोणी नाही. 1658 मध्ये जाफन्यात जन्मलेली मुलगी घ्या. आजीने तिला बाप्तिस्मा दिला. ती वाढली, तिचं लग्न झालं, तिला मुलं झाली. 1687 मध्ये ती एकोणतीस वर्षांची. एवढ्या वर्षांत तिने पाद्री पाहिलाच नाही. ख्रिस्तप्रसाद म्हणजे काय, हे तिला आईने सांगितलेलं. चव माहीत नाही.

या लोकांची बातमी गोव्यात पोचत होती. 1686 मध्ये वाझ निघाले. युरोपियन पाद्री गेला असता तर बंदरावरच पकडला गेला असता. काळा माणूस मात्र हमालात, भिकाऱ्यात मिसळून जातो. गोव्यात जी गोष्ट त्यांना खालच्या पायरीवर ठेवत होती, तीच इथे उपयोगी पडली. लंगोटीवजा वस्त्र, अनवाणी पाय, सोबत जोआंव नावाचा गोव्याचाच एक तरुण सेवक, आणि मिस्साचं सामान एका बोचक्यात. तुतिकोरिनहून गलबतात बसले. वादळ, उपासमार, आणि 1687 मध्ये जाफना.

पोचल्यावर काय झालं? दोघांनाही हगवण लागली. पाद्री आला आहे हे कोणाला सांगायची सोय नाही. चरित्रकार सांगतात की कोणी एक बाई त्यांना पेज आणून देई, त्यावर ते जगले. सेबास्तियांव द रेगो या गोमंतकीय पाद्रीने लिहिलेलं वाझ यांचं चरित्र 1745 मध्ये लिस्बनला छापलं गेलं. पुढच्या बहुतेक चरित्रांचा आधार तोच. ज्याने लोकांना आध्यात्मिक अन्न द्यायचं, तो पहिले काही दिवस परक्या बाईच्या पेजेवर होता. कोकणातल्या माणसाला पेजेचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

बरे झाल्यावर प्रश्न हा की कॅथलिक कोण, हे ओळखायचं कसं? सगळेच वरून प्रोटेस्टंट. विचारलं आणि चुकीच्या माणसाला विचारलं, तर आपलाही जीव जाणार आणि दुसऱ्याचाही. वाझ यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागत हिंडू लागले. जपमाळ पाहून कोणाची नजर थबकते, कोण दुसऱ्यांदा भीक घालतं, कोण आत बोलावतं, हे बघत राहायचं. असं करत करत एका घराशी विश्वास जमला, मग दुसऱ्या. पुढे ते सिल्लालै नावाच्या गावी राहायला गेले, तिथे कॅथलिकांची वस्ती दाट होती. मिस्सा रात्री, दर वेळी वेगळ्या घरी, उजाडायच्या आत सगळं आवरायचं.

इथे जरा थांबू या. ही माणसं तीस वर्षं स्वतःहून टिकली होती. प्रार्थना त्यांच्या, पुढारी त्यांचे, धैर्य त्यांचं. मग पाद्रीने काय आणलं? तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी विचारेल की ज्याच्याशिवाय तीस वर्षं चाललं, ते आवश्यक कसं? प्रश्न रास्त आहे. पण त्या रात्रींत लोक काय मागत होते ते पाहा. उपदेश थोडा थांबू शकत होता. ते मागत होते पापनिवेदन. दिवसा डचांच्या चर्चमध्ये जाऊन आपण खोटं वागतो, याचं ओझं त्यांच्या मनावर होतं. घरच्या पुढाऱ्याने "असू दे, चालतं" म्हटलं तर ते ओझं उतरत नाही. कारण तोही त्याच बोटीत. बाहेरून कोणी तरी यावं लागतं, ज्याला ऐकायचा अधिकार आहे आणि जो ऐकलेलं कोणाला सांगणार नाही. आपली आपल्याला माफी देता येत नाही. हे कॅथलिक नसलेल्यालाही समजण्यासारखं आहे. वसईच्या त्या म्हातारीला मुलगे, सुना, नात होतीच की. पण त्या दहा मिनिटांत जे बोलायचं होतं ते घरच्यांशी बोलण्यासारखं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तारखांची. 1684 मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने, काउंट ऑफ आल्व्होरने, हुकूम काढला होता की लोकांनी आपली देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं, आणि त्यासाठी मुदत दिली तीन वर्षांची. ही तीन वर्षं संपतात 1687 मध्ये. म्हणजे मायदेशात कोकणी टाकून द्यायची मुदत भरत होती त्याच वर्षी हा कोकणी माणूस जाफन्यात बसून तमिळ शिकत होता. योगायोगच, पण फार बोलका. वाझ यांनी पुढे सिंहलीही शिकली, दोन्ही भाषांत प्रार्थना तयार केल्या. त्यांच्या मागे राज्य नव्हतं, त्यामुळे दुसऱ्याची भाषा शिकण्यावाचून गत्यंतरही नव्हतं, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. मला वाटतं तेच महत्त्वाचं आहे.

1689 च्या नाताळात जाफन्यात डचांनी धरपकड केली. वाझ निसटले, पण त्यांचे श्रोते पकडले गेले, काहींना तुरुंगात मरण आलं. पाद्री सुटला आणि भाविक सापडले, हे वाचताना मन थोडं कडू होतं. वाझ यांचंही झालं असणार. पुढे ते पुत्तलमकडे गेले, आणि 1692 मध्ये डोंगरातल्या कँडीच्या राज्यात शिरले. तिथे डच नव्हते, सिंहली बौद्ध राजा होता, दुसरा विमलधर्मसूर्य. पण दरबारातल्या एका फ्रेंच कॅल्व्हिनपंथी माणसाने हा पोर्तुगीजांचा हेर आहे म्हणून कान भरले, आणि वाझ कैदेत पडले. कैदेतल्या काळात त्यांनी दोन कामं केली. सिंहली शिकले. आणि पहाऱ्यात राहून, हळूहळू, झोपडीवजा प्रार्थनेची जागा केली. कँडीत जुन्या पोर्तुगीज युद्धकैद्यांचे वंशज होते. आधी चोरून, मग उघड, ते तिथे येऊ लागले.

मग ती पावसाची गोष्ट. दुष्काळ पडला, वाझ यांनी चौकात वेदी मांडून प्रार्थना केली आणि पाऊस कोसळला, पण त्यांच्या अंगावर थेंब पडला नाही, असं सांगतात. चमत्काराबद्दल माझं मत कोणी विचारू नये; ह्यूम शिकवण्यात माझी उमेद गेली आणि म्हातारपणी मी त्याच्याइतका ठाम राहिलो नाही. इतिहास म्हणून एवढं पक्कं आहे की राजाचं मन वळलं आणि त्याने वाझ यांना राज्यात हिंडायला मोकळीक दिली. एका बौद्ध राजाने कॅथलिक पाद्रीला आसरा दिला, तो ख्रिस्ती सत्तेपासून! धर्माच्या इतिहासात अशा गंमती असतात आणि पाठ्यपुस्तकांत त्या सहसा येत नाहीत.

मला पावसापेक्षा 1697 चं साल मोठं वाटतं. कँडीत देवीची साथ आली. राजा आणि दरबारी शहर सोडून गेले. रोग्यांना घरचे लोक रानात, रस्त्यावर टाकून देत. वाझ आणि त्यांचा भाचा फादर जोसेफ कार्व्हाल्यो हे दोघं रोज रोग्यांकडे जात, त्यांना धूत, खाऊ घालत, मेलेल्यांना पुरत. कोण कॅथलिक, कोण बौद्ध, हे न बघता. इथे मघाशी राहिलेली गोष्ट सांगतो. गोव्याच्या त्या ओरेटरीत फक्त ब्राह्मण कुळातल्या ख्रिस्ती पाद्रींनाच घेत. हो, धर्म बदलला तरी जात बरोबर आली होती. युरोपियनांनी आम्हाला दार बंद केलं म्हणून ज्यांनी वेगळं घर बांधलं, त्यांनी आपल्या घराला तसंच दार बसवलं. पुढे चारडो म्हणवणाऱ्यांनी आपला निराळा संघ काढला. हे वाझ यांचं एकट्याचं पाप नाही, पण ते त्या घराचे प्रमुख होते. आणि त्याच घरातला हा माणूस कँडीत परक्यांच्या फुटलेल्या देवीच्या फोडांना हात लावत होता, प्रेतं खांद्यावर वाहत होता. या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवतो. एकीने दुसरी पुसली जात नाही.

1696 पर्यंत, म्हणजे पहिली नऊ वर्षं, सबंध बेटावर वाझ हे एकटे कॅथलिक पाद्री होते. एक माणूस किती ठिकाणी पुरणार? वर्षातून एकदा एका गावी गेला तरी खूप. तेव्हा प्रश्न येतो की उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचं काय? वाझ यांच्या कामातलं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं ते इथे. पाद्री नसताना जे मूप्पन आणि अण्णावी उभे राहिले होते, त्यांना बाजूला सारून "आता मी आलो, तुम्ही बसा" असं ते म्हणाले नाहीत. उलट त्यांनाच बळ दिलं. बेटाचे विभाग पाडले. रविवारी लोकांना जमवणं, प्रार्थना म्हणवून घेणं, मुलांना शिकवणं, आजाऱ्यांजवळ बसणं ही कामं या पुढाऱ्यांकडे ठेवली. पाद्री आला की मिस्सा, पापनिवेदन, लग्नं. गेला की घर पुन्हा घरच्यांच्या हाती. चांगला वैद्य पथ्य सांगून जातो, रोज येऊन बसत नाही.

गोव्याहून मग एकेक करून ओरेटरीचे पाद्री येऊ लागले. 1705 मध्ये आले जाकोम गोन्साल्विस, दिवाडी बेटावरचे. हे पंडित माणूस. यांनी सिंहली आणि तमिळ इतक्या खोलवर शिकल्या की सिंहली कॅथलिक साहित्याचे जनक म्हणून तिथे त्यांचं नाव घेतात. त्यांच्या एका सिंहली ग्रंथाचं नाव ऐका: 'देव वेद पुराणय'. पुराण! मराठी माणसाला इथे फादर थॉमस स्टीफन्स आठवणारच. इंग्लंडात जन्मलेले हे जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आले, आणि त्यांचं मराठी 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. त्याच्या आरंभी प्रसंग आहे की चर्चमध्ये जमलेल्यांपैकी एक जण पाद्रींना सुचवतो, तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला वाचायला दुसरं काही द्या. मला ही फार मार्मिक मागणी वाटते. माणूस नुसत्या विधीवर जगत नाही. त्याला संध्याकाळी बसून ऐकायला कथा लागते, ओवी लागते, आपल्या भाषेतला देव लागतो. स्टीफन्सना ते कळलं होतं. साष्टीची परंपरा दिवाडीच्या माणसापर्यंत कशी पोचली, याचे दुवे जोडत बसायची गरज नाही. 'पुराण' हा शब्द समुद्र ओलांडून गेला, एवढं डोळ्यांना दिसतं. गोन्साल्विस 1742 मध्ये सिलोनमध्येच वारले.

वाझ यांना बिशपपद देऊ केलं होतं, ते त्यांनी घेतलं नाही. 16 जानेवारी 1711 रोजी कँडीत त्यांनी देह ठेवला. गोव्याला ते परत गेलेच नाहीत.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे वळतो, पण जरा जपानवरून. तिथे सतराव्या शतकात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि सगळे पाद्री संपवले गेले. दोनशे वर्षांहून अधिक काळ. 1865 च्या मार्चमध्ये नागासाकीला नवं चर्च उभं राहिलं होतं, तिथल्या फ्रेंच पाद्रीकडे उराकामी गावची काही माणसं आली आणि हळूच म्हणाली की आमचं आणि तुमचं मन एकच आहे. सात पिढ्या पाद्रीशिवाय! त्यातले पुष्कळ लोक चर्चमध्ये परतले. पण सगळे नाही. काहींनी नव्या पाद्रींना नकार दिला आणि वाडवडिलांनी जसं जपलं तसंच जपत राहिले. तेव्हा पाद्रीशिवाय श्रद्धा मरते असं मी म्हणत नाही. ती राहते, पण हळूहळू तिचा आकार बदलतो. सिलोनमध्ये मधला खंड तीस वर्षांचा होता, आईला मिस्सा आठवत होती तोवर पाद्री पोचला. शंभर वर्षं उशीर झाला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

आणि दुसरी बाजू डचांची. त्यांच्याकडे शाळा होत्या, वह्या होत्या, दंड होता, नोकऱ्या होत्या. 1796 मध्ये इंग्रजांनी किनारा घेतला आणि ही सक्ती संपली, तशी वहीतली देशी प्रोटेस्टंट मंडळी भराभर ओसरली. 1806 मध्ये इंग्रजांनी कॅथलिकांवरचे निर्बंध उठवले. तेव्हा दीडशे वर्षं बंदी सोसलेला समाज आपापली चर्चं घेऊन उभाच होता. हिशेब सरळ आहे. डच धर्मोपदेशक वाईट माणसं होती असं नाही, त्यांनी बायबलची भाषांतरं केली, छापखाना आणला. पण लोक त्यांच्याकडे दाखल्यासाठी जात आणि वाझ यांच्याकडे रात्रीचे, जीव धोक्यात घालून जात. गोव्यातले पाद्री जर हा ताळा करून पाहते, तर आपल्या भरलेल्या चर्चकडे पाहून त्यांना किती समाधान वाटलं असतं, कोणास ठाऊक.

बाई, तुम्ही आज आला आहात की नाही मला दिसत नाही, मागच्या रांगांत अंधार आहे. पण तुमच्या यादीतला पुजारी, भटजी, कीर्तनकार आणि गुरू हे चौघंही कँडीच्या त्या झोपडीत होते असं मला वाटतं. आणि पाचवा एक होता, तुमच्या यादीत नसलेला. जो दाराशी येतो तो.

वाझ यांना 1995 मध्ये धन्यपद मिळालं आणि 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोच्या समुद्रकाठच्या मैदानावर त्यांना संत जाहीर केलं. लाखो लोक होते. बाणावली-सांकवाळच्या मंडळींनाही आनंद झाला. गोव्यात फ्रान्सिस झेवियर यांचं शव जपून ठेवलं आहे, दर दहा वर्षांनी ते दर्शनाला काढतात, तुमच्यापैकी काही जण गेलेही असाल. वाझ यांचं तसं काही नाही. कँडीतल्या ज्या चर्चमध्ये त्यांना पुरलं ते चर्च पुढे नष्ट झालं, आणि त्याबरोबर कबरीची खूणही गेली.

प्रश्न असतील तर घेऊ या. जरा मोठ्याने विचारा, या कानाने मला कमी ऐकू येतं.